८ कोंबड्या घरी आणि ३०० किलोमीटरची पायी वाट: दोन्हीची तयारी एकत्र कशी करावी?

मोकळं अंगण (प्रश्न)

परसात अंड्यावरच्या ८ कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. खुराडं १.२ बाय २.४ मीटर आणि त्याला लागून ३ बाय ४ मीटरचं जाळीचं आवार. उजाडलं की खुराड्याचं दार हाताने उघडायचं आणि अंधार पडल्यावर कोंबड्या मोजून बंद करायचं, असा रोजचा शिरस्ता.

१६ आठवड्यांनी ३०० किलोमीटर पायी जायचं आहे, १५ दिवसांत, म्हणजे रोज सरासरी २० किलोमीटर. मुक्कामाला छप्पर आणि जेवण आहे, त्यामुळे पाठीवर पाणी धरून ७ किलो. सध्या आठवड्यातून चारदा ५ किलोमीटर चालणं होतं, काही दुखत नाही.

अडचण अशी की लांब चालायला पहाटे निघावं लागतं, तेव्हा कोंबड्या कोंडलेल्या असतात. अंधारात दार उघडून जावं का? १५ दिवस त्यांची सोय कशी लावायची? शेजारी दिवसातून एकदा यायला तयार आहेत, दोनदा जमणार नाही. आणि खुराडं साफ करणं, पोती उचलणं, पाणी वाहणं हे सरावात धरायचं का? आठवड्याचा आराखडाही हवा आहे.

पिसारा

अंधारात दार उघडून जाऊ नका. पहाटेचा तासभर शिकारी जनावरांचा असतो आणि कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, तिला पळताही येत नाही. पण खरा प्रश्न दाराचा नाही, आवाराचा आहे. आवार रात्रीही अभेद्य असेल तर खुराडं आणि आवार यांच्यामधलं छोटं दार बंद करायची गरजच उरत नाही. कोंबड्या उजाडलं की आपसूक बाहेर येतात, मावळलं की आपसूक दांडीवर चढतात. तुमच्या १६ आठवड्यांतले पहिले तीन आवारावर घाला, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

अभेद्य म्हणजे काय ते सांगतो. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, जनावर बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं, मुंगूस भोकातून शिरतं. १२ मिलिमीटर भोकाची वेल्डेड जाळी घ्या, निदान खालच्या ९० सेंटिमीटरपर्यंत तरी. स्टेपलच्या पिना लाकडातून उपसून येतात, म्हणून स्क्रू आणि रुंद वायसर लावा, दर १५ सेंटिमीटरला एक. वरून छत हवंच, जाळीचं चालेल. जमिनीशी जाळी उभी गाडत बसण्यापेक्षा बाहेरच्या अंगाला ४० सेंटिमीटर आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतं, पंजाखाली जाळी लागते, आणि दोन पावलं मागे सरून तिथून उकरावं हे त्याला सुचत नाही. दाराला नुसती कडी नको, कडीत स्प्रिंगचा हूक अडकवा. शेवटी रात्री आतून टॉर्च लावून बाहेरून सगळीकडे फिरा. जिथून प्रकाशाची तिरीप जाड येते तिथे घूस येणार.

आवार इतकं पक्कं करणं शक्य नसेल तर आपोआप उघडणारं दार बसवा. दोन प्रकार मिळतात, घड्याळावर चालणारं आणि उजेडावर चालणारं. दिवस लहान-मोठा होतो तसं घड्याळाचं दार दर दोन-तीन आठवड्यांनी लावून घ्यावं लागतं. उजेडाचं दार स्वतः जुळवून घेतं, पण अंगणातला दिवा त्याच्या डोळ्यावर पडला तर रात्रभर उघडं राहतं. १५ दिवसांसाठी मी घड्याळाचं पसंत करतो, बंद व्हायची वेळ सूर्यास्तानंतर ३० ते ४० मिनिटांनी. शेवटची कोंबडी नेहमी रेंगाळते. ती बाहेर राहिली तर दार लावून काही उपयोग नाही, उलट ती दाराशीच बसून राहते आणि आयती सापडते.

ही दारं बिघडतात ती बहुतेक कचऱ्याने. कोंबड्या पायाने खुराड्यात अंथरलेली भुशाची गादी उकरतात, भुसा आणि खडे खाचेत जातात, दार खाली येताना तीन बोटं वर अडकतं. म्हणून उंबरा गादीपेक्षा ५ सेंटिमीटर वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा जुन्या दात घासायच्या ब्रशने खाच साफ करा. बॅटरी निघण्याच्या आठवड्यात नवी घालून तीन रात्री स्वतः बघा.

पाणी खाद्यापेक्षा महत्त्वाचं. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पिते, कडक उन्हात अर्धा लिटर किंवा जास्त. ८ कोंबड्यांना ४ लिटर धरा. पाणी तुटलं की ती आधी खाणं सोडते, मग अंडी थांबतात, आणि एका दिवसाची तूट भरून यायला कधी दोन आठवडे जातात. उघड्या भांड्यात त्या भुसा उडवतात, विष्ठा टाकतात, म्हणून झाकणाच्या २० लिटरच्या बादलीला खाली निपल, म्हणजे चोच लागली की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या, लावा, तीन-चार कोंबड्यांमागे एक. तुम्हाला ३ पुरतील. निपलची टोकं कोंबडीच्या डोळ्याच्या किंचित वर असावीत, मान थोडी ताणून प्यायला हवी. बादली सावलीत टांगा, नाहीतर शेवाळ धरतं.

निपलची सवय लावायला आठवडा द्या. निपलवर बोटाने टिचकी मारा, म्हणजे टोकाला एक थेंब लोंबत राहतो. कोंबडीला चमकणाऱ्या गोष्टीवर चोच मारायची खोड असते, पहिली कोंबडी त्या थेंबावर चोच मारते आणि बाकीच्या तिचं बघून शिकतात. सुरुवातीला फक्त सकाळचे दोन-तीन तास जुनं भांडं काढा, दुपारी परत ठेवा. आठही जणी पिताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय जुनं भांडं कायमचं काढू नका. आणि निघाल्यावरही पाण्याच्या दोन वेगळ्या सोयी ठेवा. एक निपल तुंबला किंवा रात्रभर गळून बादली रिकामी झाली तर दुसरी असावी.

खाद्याचा हिशोब सोपा आहे. दिवसाला १२० ग्रॅम प्रमाणे आठ जणींचं ९६० ग्रॅम, म्हणजे किलो. जाण्यायेण्याचे धरून १७ दिवस, वर थोडं सांडलवंड, २० किलोचं एक पोतं पुरेल. ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, प्लास्टिक घुशी कुरतडतात. ओल लागून गाठी झालेलं किंवा कुबट वास येणारं खाद्य कधीच घालायचं नाही, बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं. खाद्याच्या भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा आणि भांडं एक तृतीयांशच भरा, त्याने चोचीने उडवणं खूप कमी होतं. अंड्याच्या कवचासाठी लागणारा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. तो खाद्यात मिसळू नका, ज्या कोंबडीला हवा ती तेवढा खाते.

शेजारी एकदाच येणार असतील तर सकाळी बोलावू नका. अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने बोलावा. दार लागलं का, आठ शेपट्या दांडीवर आहेत का, हे त्याच वेळी कळतं. शिवाय अंडी गोळा होतात, पाणी भरलं जातं. कोंबडी आजारी असेल तर ती रात्रीही वेगळी दिसते, दांडीवर न चढता कोपऱ्यात पिसं फुगवून खाली बसलेली.

आणि निघण्याआधीचा महिना नवी कोंबडी आणायची नाही, खाद्य बदलायचं नाही, पिल्लं तर अजिबात नकोत. नवी कोंबडी आली की मारामाऱ्या आणि आजार दोन्ही सोबत येतात.

लांबचा पल्ला

पिसारा यांनी दाराचं सांगितलं ते झालं की पहाटेचा प्रश्न सुटला. आता चालण्याचं.

खुराड्याचं काम सरावात धरू नका. त्यात पावलं खूप पडतात, पण दहा पावलं चाल, थांब, वाक, अशी. लांब चालताना जे लागतं ते म्हणजे तीन-चार तास न थांबता तेच पाऊल पडणं, आणि ते या कामाने येत नाही. शिवाय वाकून गादी काढल्याने कंबर आखडते आणि २० किलोचं पोतं एका खांद्यावर घेतलं की दुसऱ्या दिवशी पाठपिशवीचा पट्टा नेमका तिथेच बोचतो. म्हणून गादी बदलणं आणि पोती आणणं लांब चालीच्या आदल्या दिवशी ठेवू नका, नंतरच्या दिवशीही नको. आठवड्याच्या मधल्या विश्रांतीच्या दिवशी करा, आणि पोतं दोन बादल्यांत वाटून दोन्ही हातांनी न्या.

आराखडा आठवड्याच्या एकूण किलोमीटरचा देतो: २०, २२, २४, १८, २६, २९, ३२, २४, ३५, ३८, ४२, ३०, ४६, ५०, ३५, २०. वाढ १० टक्क्यांच्या आसपास आणि दर चौथा आठवडा मुद्दाम हलका. हा हलका आठवडा वगळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तेव्हा अंगात जोर असतो. वगळू नका. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूबंध आणि हाडं मागून, फार सावकाश येतात, आणि दुखापत होते ती या दोन वेगांच्या फरकामुळे.

आठवड्यातल्या एका दिवशी लांब चाल. ती याच क्रमाने: ७, ८, ९, ७, ११, १२, १४, १०, १६, १८, २०, १२. तेराव्या आठवड्यात पाठोपाठचे दोन दिवस, २० आणि १४. चौदाव्यात २२ आणि १६. त्यानंतर १२ आणि शेवटी ६. उरलेले किलोमीटर दोन-तीन छोट्या चालींत वाटा. पाठोपाठचे दोन दिवस सगळ्यात मोलाचे. २० किलोमीटर एकदा चालणं वेगळं आणि दुखऱ्या पायांवर दुसऱ्या दिवशी सकाळी बूट चढवणं वेगळं.

वजन पाचव्या आठवड्यापासून, ३ किलो, मग दर दोन आठवड्यांनी १ किलो. तेराव्याला ७ होतं. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या वापरा. चढ वजनासकट चढायचा आणि लांब उताराआधी बाटल्या रिकाम्या करायच्या. सुरुवातीच्या महिन्यांत गुडघ्यांना याने फार आराम मिळतो.

वेळेचा अंदाज चुकतो म्हणून तेही सांगतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. त्यात थांबे धरलेले नाहीत. वजन घेऊन ४.५ चा वेग धरा. २० किलोमीटर म्हणजे साडेचार तास चाल आणि तासभर थांबे. पहाटे ५ ला निघालात तर साडेदहाला घरी, अंडी काढायला वेळेत.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सरावात आठवड्याला ५० च होतात आणि प्रत्यक्षात १४० होणार आहेत. ही दरी सरावाने पूर्ण भरत नाही, म्हणून वाटेवरचे पहिले तीन दिवस १५ किलोमीटरचेच ठेवा. उरलेल्या १२ दिवसांना रोज साधारण २१ येतात. टाच, घोटा, नडगी यांची बहुतेक दुखणी पहिल्या चार-पाच दिवसांत उभी राहतात, ते दिवस निभावले की शरीर चालीला लागतं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय सुजलेले असतात. ज्या मोज्यांनी चालणार तेच घालून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात. लोकर आणि कृत्रिम धाग्याचं मिश्रण चांगलं. दहाव्या आठवड्यापर्यंत बूट पायात असायलाच हवेत, निघताना नवे घेणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

गमबूट

दोघांनी न सांगितलेली गोष्ट: बूट वेगळे ठेवा. चालायचे बूट खुराड्यात न्यायचे नाहीत आणि खुराड्यातले अंगणाबाहेर न्यायचे नाहीत. वाटेत दुसऱ्यांच्या कोंबड्या, तळ्याकाठची पाखरं असतात. मानमोडीसारखे कोंबड्यांचे साथीचे रोग तळव्याला चिकटलेल्या विष्ठेतून एका कळपातून दुसऱ्यात जातात. लांब चालीहून आलात की आधी बूट बाहेर काढा, तळवे घासून धुवा, मग कोंबड्यांकडे. शेजाऱ्यांच्याही घरी कोंबड्या असतील तर त्यांच्यासाठी खुराड्याच्या दाराशी एक जोड ठेवून जा.

उलट दिशेचा धोका तुम्हाला आहे. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. अंडी काढून आल्यावर तसेच पायावरचे फोड हाताळले किंवा वाटेचं खाणं बांधलं तर जंतू थेट जखमेत नाहीतर पोटात. साबणाने २० सेकंद हात धुणं आणि नखांखालची माती काढणं, दोन्ही.

फोडांबद्दल: फोड येण्याआधी एक जागा गरम लागते, मोज्यात खडा असल्यासारखी. ‘पुढच्या थांब्याला बघू’ असं म्हणायचं नाही. तिथेच बूट काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा, कोपरे गोल कापलेली. चौकोनी कोपरे मोज्यात अडकून उचकटतात. फोड आलाच आणि फुगून दुखत असेल तर जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला, खालच्या बाजूला दोन भोकं पाडून पाणी काढा. वरची कातडी कापू नका, तीच उत्तम मलमपट्टी. भोवती लाली पसरत असेल किंवा पू दिसला तर डॉक्टरांकडे.

मोकळं अंगण

सगळ्यांचे आभार. आवाराचं काम याच आठवड्यात काढते. दोन शंका उरल्या. एक कोंबडी वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते, म्हणजे उबवायला ठाण मांडून बसते. मी नसताना झाली तर शेजाऱ्यांनी काय करायचं? दुसरं म्हणजे नडगीच्या आतल्या कडेला चालून आल्यावर कधीकधी ठणका लागतो, तो कधी सोडून द्यावा आणि कधी थांबावं?

लांबचा पल्ला

नडगीवर बोट फिरवून बघा. दुखणं चार-पाच बोटं लांबीवर पसरलेलं असेल आणि चालायला लागल्यावर पाय तापला की कमी होत असेल, तर वाढ जास्त झाली आहे. त्या आठवड्याचे किलोमीटर निम्मे करा, वजन काढून ठेवा, कठीण रस्त्याऐवजी मातीची वाट धरा. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबलं की कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा त्या पायावर एकदा उडी मारता येत नसेल, तर चालणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेल्याची ती लक्षणं असतात आणि त्यावर चालत राहिलं की तडा वाढतो.

पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहा, दोन्ही पायांवर टाचा वर, मग एकाच पायावर तीन आकडे मोजत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. उताराचा सराव म्हणून २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवून परत वर. गुडघा आत कलंडत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या.

पिसारा

खुडूक कोंबडी ओळखायला शेजाऱ्यांना एकच खूण सांगा: अंधार पडल्यावर बाकीच्या दांडीवर आणि ही अंडी घालायच्या खोक्यात, हात नेला की पिसं फुगवून घोगरा आवाज करते. अशी कोंबडी दिवसातून एखाददुसऱ्यांदाच उठते, खाणं-पिणं कमी होतं, वजन उतरतं. शिवाय ती खोकं अडवून बसते, मग बाकीच्या कुठेही अंडी घालतात, ती फुटतात आणि एकदा का अंडी खायची सवय लागली की मोडणं फार कठीण.

उपाय म्हणजे जाळीच्या तळाचा पिंजरा, विटांवर उचलून ठेवलेला, खालून वारा लागेल असा. आत पाणी, खाद्य, पण भुसा नाही, खोकं नाही. पोटाखाली ऊब मिळाली नाही की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं. पिंजरा तयार करून खुराड्याच्या आत ठेवून जा. पहिल्याच संध्याकाळी ठेवली तर लवकर सुटते, आठवडाभर बसू दिली तर दिवस वाढतात. निघायच्या पंधरवड्यात ती बसायला लागली तर तुम्हीच उठवून जा.

आता तालमीचं. तुमच्या प्रत्येक लांब चालीच्या दिवशी कोंबड्यांकडेही तुम्ही नाहीत असंच समजून वागा. पहिल्या आठवड्यांत आल्यावर फक्त बघायचं: बादलीत किती पाणी उरलं, दार नीट उघडलं का. बाराव्या आठवड्यात हलकी चाल आहे, तेव्हा एक संध्याकाळ शेजाऱ्यांना एकट्यानेच सगळं करू द्या, तुम्ही घरातून बाहेर येऊ नका. तेरावा-चौदावा आठवडा पाठोपाठच्या दोन दिवसांचा, तेव्हा मधली रात्र बाहेर मुक्काम करा. परत आल्यावर जे चुकलेलं दिसेल ते दुरुस्त करायला दोन आठवडे हातात राहतात. बहुतेक वेळा चूक बारीक निघते. बादलीचं झाकण घट्ट दाबलं की आत हवा जात नाही आणि निपल थेंब देणं बंद करतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. झाकणाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून टाका.

खाद्याच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: कोंबड्या ८, खाद्य १ किलो, पाणी बादलीत निम्म्यावर आलं की भरणे, निपलवर टिचकी मारून थेंब बघणे, दोन्ही खोकी तपासणे, दार लागलं का हाताने बघणे. खाली जवळच्या पशुवैद्याचा नंबर आणि कोंबडी मेली तर काय करायचं तेही लिहा: उघड्या हाताने उचलू नये, पिशवीत बांधून तुम्हाला फोन करावा, एकाच दिवशी दोन मेल्या तर आधी पशुवैद्याला. अंडी शेजाऱ्यांनी न्यावीत असं स्पष्ट सांगून जा, आणि ठेवायची असतील तर धुवायची नाहीत, वरचा नैसर्गिक थर गेला की लवकर खराब होतात.